दार पूर्वेला, ड्रायव्हर दक्षिणेला

गेल्या वर्षी मी आमच्या घराने आमच्याच घराला धडक दिली.

वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबर छापलंय. एक घर गेली चाळीस वर्षं जागेवर उभं होतं आणि दुसरं मी चालवत होतो. चालवत होतो हेसुद्धा जरा मोठेपणानेच लिहितो आहे. ते आपल्या मनाने मागे येत होतं, आणि मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो!

सगळ्याचं मूळ अव्वाच्या खुब्यात आहे. अव्वा म्हणजे माझी आई, वय एकोणऐंशी. तिचं माहेर परंड्याकडचं. लग्न होऊन इकडे अणदूरला आली, तरी चैत्रात सोनारीच्या भैरोबाची यात्रा तिने कधी चुकवली नाही. बैलगाडीने गेली, एस.टी.ने गेली, एकदा तर सिमेंटच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून गेली. पण खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पाय दुमडून अर्ध्या तासाच्या वर बसता येईना. आडवं होऊन जावं म्हटलं, तर दर तासाला वाटेत सोयीला उतरायला पाहिजे, आणि उतरायचं तर चढायचंही आलं! तीन यात्रा चुकल्या. चौथ्या वर्षी संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवत ती म्हणाली,

"आप्पा, भैरोबा म्हणत आसल, म्हातारी मेली जणू."

हसतच म्हणाली. पण मला ते फार लागलं. तिळगूळ हातात तसाच राहिला, आणि मी ठरवलं की यंदा अव्वाला सोनारीला न्यायचंच, मग तिच्या पलंगासकट आणि न्हाणीसकट न्यावं लागलं तरी चालेल.

माझं अणदूरला भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळलं, की सोलापूरच्या एका गृहस्थांनी जुन्या बसचं फिरतं घर करून घेतलंय आणि आता ते विकायचंय. बघायला गेलो आणि हरखलो. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडास, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे! ड्रायव्हरची केबिन आणि घर यांच्यामध्येही एक जाड पडदा. लांबी तीस फूट. घेतलं! त्यांच्या ड्रायव्हरने ते आणून आमच्या दारात उभं केलं, चावी माझ्या हातात ठेवली आणि तो एस.टी.ने परत गेला.

मी चावी बोटात फिरवत उभा राहिलो. आमची मंडळी महादेवी बाहेर आली. तिचं माहेर आळंदचं, त्यामुळे चांगलं काही घडलं किंवा वाईट काही घडलं की ती कानडीत जाते. तिने बसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्ये चालवणार कोन?"

"मी! पंचवीस वर्षं चारचाकी चालवतोय."

"अय्यो शिवने!" ती म्हणाली आणि आत गेली. (चाकं सहा होती, हे मी नंतर मोजलं.)

आता साधी गाडी असती, तर एक नारळ फोडून आणि चाकाखाली लिंबं ठेवून काम भागलं असतं. पण अव्वा काठी टेकत आत चढली, शेगडी बघितली, पलंगावर हात फिरवला, संडासाचं दार दोनदा उघडून लावलं, आणि निकाल दिला.

"ही गाडी न्हाई. ह्ये घर हाय. घर म्हटल्यावर वास्तुशांत नगं?"

आमच्या घरची पूजाअर्चा करणाऱ्या स्वामींनी आयुष्यात चालत्या घराची वास्तुशांत केली नव्हती, पण ते मागे हटणारे नव्हते. शेगडीवर दूध उतू घातलं, उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, दाराला तोरण बांधलं आणि सगळ्या गल्लीची पंगत उठली. आहेरात भिंतीवरची घड्याळं सात आली. तेवढ्या भिंतीही त्या घराला नव्हत्या! मग आमच्या घरातली जुनी रीत निघाली. नव्या वास्तूत घरच्या मोठ्या बाईने सव्वा महिना राहायचं आणि दिवा विझू द्यायचा नाही. अव्वा आनंदाने राहायला गेली. दिवा काचेच्या हंडीत लागला. एवढ्यात पंगतीतल्या कोणीतरी शंका काढली, की घराचं दार पूर्वेला लागतं आणि ही बस वळली की दाराची दिशा बदलणार, त्याचं काय करायचं? सगळे स्वामींकडे बघायला लागले. स्वामींनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं,

"चालत्या घराला दिशा न्हाई. थांबलं की दार पूर्वेला आलं पायजे."

झालं! बसचं दार डाव्या अंगाला असतं. दार पूर्वेला यायचं, तर गाडीचं तोंड दक्षिणेला पाहिजे. म्हणजे सगळं घर पूर्वेची कोवळी उन्हं घेणार, आणि यमाच्या दिशेला तोंड करून बसायचं काम एकट्या ड्रायव्हरकडे!

त्याच पंगतीला सत्तारभाई होते. त्यांनी तीस वर्षं देशभर ट्रक चालवला, आणि आता नळदुर्गला गाडी शिकवण्याची शाळा चालवतात. जिलबी खात खात त्यांनी बसभोवती एक फेरी मारली आणि हळूच विचारलं,

"आप्पाशेठ, लायसन कंचं हाय तुमच्याकडं?"

"चारचाकीचं. पक्कं!"

"न्हाय चालत. साडेसात हजार किलोच्या वर गाडी ग्येली, की हेवी लायसन लागतंय."

"अहो, पण हे घर आहे. आत पलंग आहे, शेगडी आहे."

"पलंग हय, शेगडी हय, सब हय. कानून कू क्या करना? त्यो वजन बघतोय."

वजन हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला दुकानदार ताठ बसला. आमची सगळी हयात तराजूपुढे गेली. गिऱ्हाइकाने आणलेली जुन्या भांड्यांची मोड घेताना आधी पोतं वजा करायचं, मग तळाला चिकटलेला मातीचा गोळा, मग भांड्याची मूठ, हे मला कोणी शिकवायला नको. साडेसात हजाराच्या आत आणायचं ना? आणतो की! दुसऱ्याच दिवशी सत्तारभाईंना चालवायला बसवलं, आणि घर, घरात अव्वा, अव्वाबरोबर महादेवी, असे सगळे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो. पुढे उसाचे सोळा ट्रॅक्टर, मागे बारा, आणि मधे तोरण लावलेलं आमचं घर.

काट्यावर आकडा आला सात हजार नऊशे दहा!

"उतरवा!" मी आरोळी ठोकली. तांब्याचा बंब उतरला. पाटा-वरवंटा उतरला. गव्हाची पोती उतरली, सात घड्याळं उतरली, टाकीतलं पाणी सोडून दिलं. आकडा सात हजार पाचशे साठ. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले. मी पडदा बाजूला करून आत बघितलं.

"अव्वा, जरा खाली येतीस का?"

"का रं? मला उतरवून वजन भरतोस व्हय? सव्वा म्हैना झालाय का?"

मग महादेवीकडे बघितलं. ती उतरली, पण उतरताना जे बघितलं ते कानडीतच होतं. काट्यावर आकडा आला सात हजार चारशे ब्याण्णव! ट्रॅक्टरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. (महादेवीचं वजन किती, हे कोणाला सांगायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, म्हणून मी सांगत नाही. वजाबाकी ज्याची त्याने करावी.)

ती पावती घेऊन मी छाती काढून धाराशिवला परिवहन कार्यालयात गेलो. तिथे एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम होत्या. मी पावती त्यांच्यासमोर ठेवली.

"काका, हे काय?"

"वजन. साडेसात हजाराच्या आत!"

मॅडमनी पावती उलटसुलट केली. "ही तर कारखान्याची आहे. ऊस कुठंय?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे गाडीची कागदं मागितली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. गाडी पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त किती भरेल ते वजन तिथे नोंदलेलं असतं, आणि आमच्या घराचं होतं दहा हजार दोनशे.

"कायदा हे वजन बघतो, काका. तुम्ही आत काय ठेवलं आणि काय काढलं, याचा काही संबंध नाही."

"म्हणजे मी बायकोला उतरवलं ते?"

"परत बसवा," मॅडम म्हणाल्या. "आणि जड वाहनाचं शिकाऊ लायसन काढा."

चारचाकीचं लायसन एक वर्ष तरी जुनं पाहिजे, ते होतं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचा दाखला पाहिजे, तो मिळाला. गाडी शिकल्याचं पत्र सत्तारभाई देणार होते. शिकाऊ लायसननंतर तीस दिवसांनी ट्रायल. मी बोटांवर मोजलं. ट्रायलनंतर नवव्या दिवशी सोनारीची यात्रा होती. म्हणजे बसतंय! तोरणाच्या खाली लाल अक्षराची शिकाऊची पाटी लागली आणि माझं शिक्षण सुरू झालं.

सत्तारभाई रोज सकाळी यायचे, आमच्या गल्लीमागच्या पडीक रानात घर नेऊन उभं करायचे आणि मला चालवायला बसवायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "शेठ, शिकताना गाडीत पॅसेंजर चालत न्हाय. अम्माला खाली घ्या."

पडद्यामागून आवाज आला, "आमी पासिंजर न्हाई. आमी घरी हाव!"

रान आमचंच होतं, म्हणून सत्तारभाईंनी विषय सोडला. मग मी क्लच दाबायचो आणि मागे भांडी पडायची. मी ब्रेक दाबायचो आणि महादेवीच्या तोंडून आळंदची सगळी दैवतं एकामागून एक बाहेर पडायची. चौथ्या दिवशी मला फार धीर आला. मी म्हटलं, आज घर घरी मीच नेतो. रान संपतं तिथेच आमची मागची पडवी आहे. रिव्हर्स घेतला. सत्तारभाई "बस, बस, बस" म्हणत होते, आणि मला वाटलं ते कौतुकाने म्हणतायत. पडवीचा एक खांब आणि चार पत्रे गेले! धाडकन आवाज झाला, आणि पडद्यामागून अव्वा महादेवीला म्हणाली,

"कोन हाय बग गं दारात."

पण मी सोडलं नाही. पंधरा दिवसांत भांडी पडायची थांबली. वीस दिवसांत मी तीस फुटी घर आठच्या आकड्यात फिरवायला लागलो. चढावर थांबवायचं, उतारावर धरायचं, आरशात बघून मागे घ्यायचं, सगळं जमलं. फक्त थांबवायच्या वेळी मागून आवाज यायचा, "आप्पा, पूर्व!" की मी आणखी एक वळसा घालून तोंड दक्षिणेला करायचो आणि मगच हँडब्रेक ओढायचो. रोज आठ-दहा वेळा. महिन्याभरात अव्वाला ओरडायचीही गरज उरली नाही. सत्तारभाई खूश होते, मी तर त्यांच्याहून खूश होतो. यात काय घोटाळा आहे, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ट्रायलच्या दिवशी सत्तारभाईंनी घर धाराशिवला आणलं. मैदानावर मॅडम फाईल घेऊन उभ्या होत्या. खिडकीतून खमंग वास येत होता, कारण महादेवी आत फोडणी देत होती.

"आत कोण आहे, काका?"

"घरचे."

"उतरवा त्यांना."

"आमी घरी हाव!" पडदा म्हणाला.

मॅडम स्वतः आत गेल्या. दहा मिनिटं झाली. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर हळदकुंकू होतं आणि हातात शेंगदाण्याचा लाडू, पण नियम जिथल्या तिथे! दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं सगळं खरं. पण आज परीक्षा तुमच्या मुलाची आहे. मुलाच्या परीक्षेला आई वर्गात बसते का?"

हे मात्र अव्वाला लगेच पटलं. मला चौथीपर्यंत शाळेच्या फाटकापर्यंत सोडून तीच परत फिरायची. ती काठी टेकत खाली उतरली, दिव्याची हंडी मांडीवर घेऊन घडीच्या चाकाच्या खुर्चीत बसली, महादेवीने खुर्ची लिंबाच्या सावलीला नेली, आणि मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या.

काय सांगू, अशी गाडी मी पुन्हा कधी चालवली नाही! आठचा आकडा लोण्यासारखा गेला. चढावर तसूभर मागे सरकली नाही. रिव्हर्समध्ये एकही खुंटी पडली नाही. मॅडमचं पेन कागदावर बरोबरच्या खुणा करत चाललं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "छान. आता समोरच्या पांढऱ्या चौकोनात थांबवा, की झालं."

मी चौकोनाकडे बघितलं. त्यात शिरायचं ते उत्तरेला तोंड करून. माझा पाय ब्रेककडे गेला, पण हात ऐकेनात! हातांनी स्टिअरिंग वळवलं, घराने मैदानाला एक अख्खा वळसा घातला, दुसऱ्या टोकाला जाऊन दक्षिणेला तोंड केलं, आणि मी समाधानाने हँडब्रेक ओढला.

मॅडमनी पेन मिटलं.

"काका, मी त्या चौकोनात थांबवा म्हटलं होतं ना?"

"व्हय."

"मग?"

"दार पश्चिमेला येत होतं."

त्यांनी कागदावर तसंच लिहिलं. नापास! पुन्हा ट्रायल सात दिवसांनी.

परत येताना सत्तारभाई चालवत होते आणि मी शेजारी बसलो होतो. मागे फोडणीचं जेवण तसंच झाकलेलं होतं. छप्पन्न वर्षांचा बाप्या मी, पण मला रडू येत होतं. नापास झाल्याचं एवढं काही नव्हतं. यात्रेला नऊ दिवस उरले होते, आणि चौथी यात्राही माझ्या हाताने चुकणार असं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वाने मला आत बोलावलं, चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली,

"आप्पा, काल मी खाली हुते ना रं?"

"व्हय."

"मंग? घरात बाईमानूस न्हाई तर त्ये घर कशाचं? नुसती गाडी. गाडीला कसली आलीय पूर्व आन् पश्चिम! मी उतरले की कुठंबी लाव, कशीबी लाव."

ज्या बाईने महिनाभर मला दिवसातून दहा वळसे घालायला लावले, तिने माझ्यासाठी सगळी रीत दोन वाक्यांत मोकळी केली. चहा पिताना मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि तीही उगाच दिव्याची वात सारखी करत राहिली.

सातव्या दिवशी पुन्हा तेच मैदान, त्याच मॅडम आणि तोच उत्तरेकडचा चौकोन. अव्वा आपणहून उतरली. आठ झाला, चढ झाला, रिव्हर्स झाला. चौकोन जवळ आला आणि माझे हात पुन्हा शिवशिवायला लागले. एवढ्यात लिंबाखालून, सगळं मैदान वळून बघेल अशा आवाजात आरोळी आली,

"आप्पा, मी खाली हाय रं! नुसती गाडी हाय ती!"

मी चौकोनात घुसलो, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. तोंड उत्तरेला, दार पश्चिमेला, आणि मॅडमचा आवाज कानात, "पास!"

सत्तारभाईंनी टोपी हवेत उडवली. महादेवी कानडीत ओरडली, "छलो आतु!" म्हणजे छान झालं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मॅडमनी अव्वाच्या हातून दुसरा लाडू खाल्ला. लायसन हातात आलं तेव्हा मी ते आधी अव्वाच्या पायावर ठेवलं आणि मग खिशात घातलं. लाल पाटी काढून टाकली. तिसऱ्या दिवशी, चैत्राच्या रणरणत्या उन्हात, मी घर सोनारीच्या रस्त्याला लावलं.

तो प्रवास म्हणजे माझ्या आयुष्यातली मिरवणूक होती. ताशी पस्तीसच्या वेगाने मी तुळजापूर सोडलं, धाराशिव सोडलं, परंड्याच्या रस्त्याला लागलो. कडब्याचा ट्रॅक्टर मला ओलांडून गेला, जाऊ दिला. वऱ्हाडाचा टेम्पो ओलांडून गेला, त्यातली माणसं हात हलवत होती, मीही हलवला. मागे अव्वा पलंगावर आडवी होऊन खिडकीतून ओळखीची गावं महादेवीला दाखवत होती, दर तासाला उठून सोयीला जाऊन येत होती, आणि दर वेळी पडद्याआडून सांगत होती, "लई ब्येस सोय हाय बग!" ते ऐकून माझी छाती स्टिअरिंगला टेकायची.

सोनारीत पोचलो तेव्हा यात्रा तुडुंब भरली होती. स्वयंसेवकाने शिट्टी वाजवून रस्त्याकडेची एक जागा दाखवली. जागा उत्तम, सावलीची! पण तोंड उत्तरेला.

"आप्पा," पडदा म्हणाला, "चार वर्सांनी देवाला निघाले मी. पाऊल पूर्वेच्या दारातनं पडल."

मी लायसनच्या खिशावरून हात फिरवला आणि म्हटलं, "पडल, अव्वा!"

यात्रेच्या गर्दीत तीस फुटी घर उलटं फिरवायचं! रेवडीवाल्याचा गाडा हलला. खेळणीवाला हलला. पुढे, मागे, पुढे, मागे. शंभर माणसं हात हलवून मला शंभर वेगवेगळ्या दिशा दाखवत होती. दहा मिनिटांत तोंड बरोबर दक्षिणेला आलं. मी गाडी थांबवून, टॉवेल काढून, चांगला दोन मिनिटं घाम पुसला. आता राहिलं काय? फक्त तीस पावलं सरळ मागे घेऊन त्याच जागेवर, लिंबाच्या सावलीत लावायची. पण वाटेत रसवंतीचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळाला बांधलेला बैल होता. बैलाला सोडायला मालक सापडेना, मालक सापडला तर बैल उठेना! अर्धा तास लागला. पण लावली अशी, की चाक रेषेत, बुंधा टीचभर अंतरावर, आणि दार सूर्य उगवतो तिथे, नेमकं! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी चाकापुढे नारळ फोडला, कोणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी एक लांबलचक हॉर्न दिला, खाली उतरलो, गर्दीतून वाट काढत घराला वळसा घातला, दारासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे करून म्हणालो,

"ये अव्वा! दार पूर्वेला हाय."

आत दिवा तेवत होता. पलंग रिकामा होता. शेगडीपाशी कोणी नव्हतं. मी संडासाचं दारसुद्धा वाजवून बघितलं.

"कुणाला हुडकतोस रं?" मागून आवाज आला.

वळून बघतो तर चाकाच्या खुर्चीत अव्वा, खुर्ची ढकलत महादेवी. अव्वाच्या कपाळाला अंगारा, मांडीवर नारळाची शकलं, आणि डोळे भरून आलेले. "झालं बग माझं दर्शन," ती म्हणाली. "लई झ्याक झालं. म्हटलं भैरोबाला, मेले न्हाई अजून, लेकानं आनलंय मला." आणि तिने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी खोबरं कपाळाला लावलं आणि विचारलं, "पण अव्वा, तू उतरलीस कवा?"

"तू घाम पुसत हुतास तवा. दार पूर्वेला आलं हुतं की!"

"आन् मग मी अर्धा तास इथं, त्यो बैल, ती रसवंती..."

"मला काय ठाव? मी म्हटलं नव्हतं व्हय? मी उतरले की ती नुसती गाडी. कुठंबी लावायची!"

महादेवीने गर्दीकडे बघून विचारलं, "मग ह्ये लोक टाळ्या कशाला वाजवत हुते?"

"रस्ता मोकळा झाला म्हणून," रसवंतीवाला म्हणाला.

लायसन अजून माझ्या खिशात असतं, आणि पाहुण्यांना मी ते न मागता दाखवतो. जड वाहन चालवायला मी लायक आहे, असं त्यावर सरकारने लिहून दिलंय. घरात कोण बसलंय आणि कोण उतरलंय, याची परीक्षा मात्र धाराशिवला कोणी घेत नाही. घेतली असती, तर ती लाल पाटी आजही माझ्याच गळ्यात असती!